सॅकमध्ये काय भरायचं आणि काय नाही: ट्रेकला जोडून वाडीवर काम कसं करावं

पावसाळा तोंडावर आला की मला असे फोन येतात. ‘ताई, आमचा ग्रुप गोरखगडाला चाललाय. उतरताना एखाद्या आदिवासी वाडीवर काहीतरी वाटू म्हणतोय. काय नेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: या खेपेला काही नेऊ नका. गड बघा, वाडीत चहा प्या, चहाचे पैसे द्या आणि घरी या. पुढच्या खेपेचं मग बोलू.

डोंबिवलीच्या एका जुन्या गिर्यारोहण क्लबात कोठार आणि हिशेब माझ्याकडे असतो. दोर, हार्नेस, पातेली, पावतीपुस्तक, सगळं माझ्या ताब्यात. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या ठाकूरवाड्या नि कातकरवाड्या आणि घाटावर अकोले तालुक्यातली महादेव कोळ्यांची गावं, एवढा आमचा टापू. खाली लिहितेय ते त्याच टापूचं आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत गणित वेगळं, तिथलं तिथल्यांना विचारा.

आधी पाहणी

ट्रेकच्या महिना-दीड महिना आधी दोघातिघांनी जाऊन यायचं. त्याहून जास्त जण नकोत, नाहीतर ती सहल होते. तिघांत एक तरी बाई हवीच. पाणी, सरपण, बाळंतपण हे विषय पुरुष नुसते पुरुषांशी बोलून कळत नाहीत.

भेटायचं कोणाला? सरपंच बहुतेकदा खालच्या मोठ्या गावात राहतो. वाडी त्याच्या ग्रामपंचायतीत असते, पण तो वाडीतला असेलच असं नाही. त्याला आणि ग्रामसेवकाला फोन करून कळवा, मान राखा, आणि माहिती अंगणवाडीताई, आशाताई आणि झेडपीच्या शाळेतले मास्तर यांच्याकडून घ्या. या तिघांच्या वह्यांत अख्खी वाडी उतरलेली असते: घरं किती, सहा वर्षांखालची मुलं किती, कोण गरोदर आहे, कोणाचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर मजुरीला जातं. आश्रमशाळेत काही करायचं असेल तर मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी लागते. आमच्या बाजूला ही कार्यालयं शहापूर आणि पेणला आहेत, घाटावर राजूर आणि घोडेगावला.

मग एखाद्या पडवीत बसायचं. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारलंत तर ‘तुमी द्याल ते’ एवढंच ऐकायला मिळेल, आणि ते बरोबरच आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण आपली नड सांगेल? त्यापेक्षा विचारा: मागच्या पावसात कशाने हाल झाले? होळीनंतर पाणी कुठून आणता? रात्री कोणी आजारी पडलं तर खाली कसं नेता? या तीन प्रश्नांवर दोन तास गप्पा होतात, आणि कामाची यादी त्यातून आपोआप निघते.

नमुना सोबत नेता आला तर फार बरं. सिद्धगडाच्या बाजूच्या एका वाडीत आम्ही ताडपत्रीचा तुकडा घेऊन गेलो होतो. एका आजीने तो अंगठ्या-बोटात चोळला, उन्हाकडे धरून पाहिला, मग कोयत्याचं टोक कडेच्या भोकात घालून जरासं ओढलं. भोक लगेच फाकलं. ‘वाऱ्यानी जाईल ही. कडंला दोरी शिवल्याली आसती ती आन.’ दुकानदाराने आम्हाला ताडपत्रीच्या जाडीवर अर्धा तास ऐकवलं होतं, कडेचं मात्र तो बोलला नव्हता. खरेदी आजीच्या शब्दावर झाली.

वेळेचं गणित

बहुतेक ग्रुप इथेच चुकतात, कारण ट्रेकचं वेळापत्रक आणि वाडीचं वर्ष यांचा मेळ नाही. आपला मोसम जून ते फेब्रुवारी. वाडीचं वर्ष भात ठरवतं.

मृगात पेरणी, जुलैमध्ये लावणी. तेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं सोडून कोणी सापडत नाही. भर लावणीत ‘कार्यक्रम’ ठेवून बायकांना चिखलातून बोलावून घेणारे ग्रुप मी पाहिलेत. त्या बायांची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि बदल्यात मिळतं काय, तर एक बिस्किटचा पुडा. श्रावण-भाद्रपदात जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं शेतात उभं असतं. शिधा द्यायचाच असेल तर तो या दिवसांत, दिवाळीत नाही. दिवाळीला भात घरात आलेलं असतं, आणि फराळाची पाकिटं घेऊन शहर नेमकं तेव्हाच येतं.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. डिसेंबर-जानेवारीत छान थंडी पडली म्हणून कातकरवाडीवर गेलात तर दारांना काट्या लावलेल्या दिसतील. अकोले-जुन्नरच्या डोंगरातली माणसं नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. होळीला, म्हणजे शिमग्याला, जमेल तो घरी येतोच. माणसं भेटायची असतील तर ते दिवस चांगले. पण तो त्यांचा सण आहे, आपलं बॅनर घेऊन जायचं कारण नाही.

म्हणून आमचा ठोकताळा असा. ताडपत्री मे महिन्यात, घरं शाकारायच्या आधी. वह्या 15 जूनला शाळा उघडते त्या आठवड्यात; पुस्तकं आणि गणवेश सरकारकडून मिळतात, वह्या-पेन्सिली कमी पडतात. ब्लँकेट ऑक्टोबरअखेर, आणि तेही घाटघर-रतनवाडीकडच्या घाटावरच्या गावांत. कोकणातल्या वाडीला ब्लँकेटपेक्षा मच्छरदाणी कामाची. तिचं कारण पुढे येतंय.

काय नेऊ नये

जुने कपडे. मला ठाऊक आहे, यावर रुसवे होतात. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला की संध्याकाळपर्यंत माझ्या जिन्यात गाठोड्यांचा ढीग लागतो, आणि त्यात एकदा वापरलेला टिकल्यांचा घागरा, तीन ब्लेझर आणि बटणं नसलेले शर्ट असतात. जीन्स पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. आपल्या कपाटातली अडगळ डोंगरावर वाहून नेणं हे काही दान नव्हे. कपडे द्यायचेच तर नवे, मापं घेऊन, आणि तेही मुलांचे: स्वेटर, चड्ड्या, छत्र्यांऐवजी रेनकोट.

चॉकलेटं आणि चिप्स नकोत. कलावंतीणच्या वाटेवर किंवा हरिश्चंद्रगडाला गेलेल्यांनी पाहिलं असेल, ट्रेकर दिसला की पोरं ‘खाऊ द्या’ म्हणत मागे लागतात. ही सवय आपणच लावली आहे. वेष्टनं ओढ्यात जातात ते वेगळंच.

औषधं वाटू नका. क्लबातला फार्मसीवाला कितीही उत्साही असो. डॉक्टर सोबत असेल तरच तपासणी, आणि तपासलेल्यांची यादी त्याच दिवशी आशाताईंकडे, म्हणजे पुढचा पाठपुरावा प्राथमिक आरोग्य केंद्रातून होईल. याला अपवाद एक: जवळचं वाचायचे चष्मे. नेत्रतज्ज्ञ नेऊन नंबर तपासून दिले की चाळिशीच्या पुढच्या बाईला सुईत दोरा ओवता येतो, तांदळातले खडे दिसतात. स्वस्त आणि हलकी वस्तू, सॅकमध्ये शंभर मावतात.

बियाणं तर मुळीच नेऊ नका. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्याच तालुक्यात आपण पाकिटातलं संकरित बी घेऊन जायचं म्हणजे कमाल झाली.

क्लबाकडे असं काय आहे जे इतरांकडे नाही

पैसे गोळा करणाऱ्या संस्था ढीगभर आहेत. आपल्याकडे पाय आहेत, दोर आहेत आणि वजन घेऊन चढायची सवय आहे. रस्ता नसलेल्या वाडीला याचा उपयोग सर्वात जास्त.

सामान वर नेणं हे त्यातलं पहिलं. सिमेंटची गोणी 50 किलोची. ती तशीच कोणाच्या पाठीवर देऊ नका, तीन पोत्यांत विभागा, आत प्लास्टिक लावा. पाचशे लिटरची रिकामी पाण्याची टाकी फार जड नसते पण अडनिडी असते. ती मधोमध बांधून दोन बांबूंवर चौघांनी न्यायची, पाचव्याने पुढे राहून फांद्या बाजूला करायच्या. नवख्याला दहा किलोच्या वर देऊ नका. आणि गावातली माणसं ओझं उचलायला आली तर त्यांना मजुरी द्या, रोजगार हमीच्या दराच्या खाली नाही. ‘त्यांच्यासाठीच तर नेतोय’ हे कारण मला चालत नाही.

दुसरं पाणी. एप्रिल-मेमध्ये झऱ्याचा गाळ काढणं, डोहाशी उतरायची निसरडी वाट पायऱ्यांची करणं, हे एका शनिवार-रविवारी वीस जणांत होतं. गडावरच्या कातळकोरीव टाक्यांना मात्र परवानगीशिवाय हात लावू नका. गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचं पत्र लागतं, आणि अभयारण्यात वनखात्याचंही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर, दोन्हीकडे.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वात मोलाचं, म्हणजे आजारी माणूस खाली आणणं. वाडीची पद्धत म्हणजे बांबूला घोंगडी बांधून झोळी. दोघं पुढे-मागे, आणि पावसात वाट निसरडी. तिथे क्लबाने घडीचं स्ट्रेचर ठेवावं आणि ते वापरायचा सराव वाडीतल्या पोरांसोबत करावा. आठ जण, चौघं उचललेले, चौघं बदलीला, दर शंभर पावलांना अदलाबदल, उतारावर डोकं वरच्या बाजूला. ती पोरं आपल्यापेक्षा चपळ असतात, शिकवायला दोन तास पुरतात. स्ट्रेचर शाळेत किंवा अंगणवाडीत टांगायचं, कोणाच्या घरात नाही.

त्याच सरावात सर्पदंशाचं सांगायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरचं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि 108 ला फोन करून गाडी येते तिथपर्यंत झोळीतून न्या. मांत्रिकावर भाषण ठोकू नका. ‘त्याला दवाखान्याच्या वाटेवर बोलवा’ म्हणा, म्हणजे भांडण टळतं आणि वेळ वाचतो. मच्छरदाणीचं कारण हेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा झोपेत कळतही नाही. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचली तर मण्यार आत येत नाही. देताना खोचून दाखवा. नुसती पिशवी हातात दिलीत तर तिच्याने मासे धरतील, आणि तो काही गुन्हा नाही.

दोरांबद्दल एक. क्लबातून बाद झालेला दोर अखंड कोणाला देऊ नका. कड्यावरचं आग्या मोहोळ काढायला त्याच दोराने कोणी उतरेल. हातभर-दोन हातांचे तुकडे करा, गुरं बांधायला आणि भारे आवळायला उपयोगी पडतात.

कागदांचा दिवस

आमच्या क्लबात निम्मे लोक बँकेत, एलआयसीत आणि महापालिकेत नोकरी केलेले. त्यांचा गुडघा आता गड चढू देत नाही, पण फॉर्म भरण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांना पायथ्याच्या शाळेत बसवलं आणि वाटपापेक्षा मोठं काम झालं.

कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 2023 ला केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली, त्यात घरकुलही आहे. पण घरकुल मागायला आधार लागतं, बँक खातं लागतं, जातीचा दाखला लागतो. दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. आजोबा भट्टीवरून भट्टीवर फिरलेले, शाळेचं तोंड न पाहिलेले, त्यांचा कागद कुठून आणायचा? मग चुलत्याचा, आत्याचा कोणाचा दाखला निघालाय का ते शोधायचं, वंशावळ लिहायची, काहीच नसेल तर तलाठ्याने घरी येऊन चौकशी करावी असा, म्हणजे गृहचौकशीचा, अर्ज करायचा. हे काम एका रविवारी होत नाही. एका कार्यकर्त्याने एक कुटुंब घ्यायचं आणि दाखला हातात पडेपर्यंत सोडायचं नाही. मूळ कागद मात्र कधीच आपल्याकडे ठेवायचे नाहीत. तिथेच मोबाइलवर फोटो काढा, मूळ परत द्या.

रेशनकार्डावरची नावंही बघा. लग्न होऊन आलेली सून आणि तिची दोन पोरं कार्डावर नसतात, म्हणजे महिन्याला तेवढ्या माणसांचं धान्य कमी येतं. एक फॉर्म भरला की ते दर महिन्याला सुरू होतं. आपण वर्षातून एकदा पाच किलो तांदूळ पाठीवरून नेतो, त्याच्याशी ताडून बघा.

पैसा

ट्रेकची फी आणि कामाची वर्गणी वेगळी ठेवा, आणि मेसेजमध्येच दोन आकडे लिहा. ‘सगळं मिळून अकराशे’ असं लिहिलंत की बसवाल्याचे किती आणि वाडीचे किती, यावर परतीच्या प्रवासात कुजबुज होते. वर्गणी ऐच्छिक. कोणाला नुसता ट्रेक करायचा असेल तर करू द्या.

पैसे क्लबाच्या खात्यातच घ्या, कोणा दादाच्या फोनवरच्या यूपीआयवर नको. क्लब 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला नसेल तर स्वतः निधी न जमवता नोंदलेल्या स्थानिक संस्थेशी जोडून घ्या. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, म्हणजे 80जी ची, पावती देत असाल तर रोख दोन हजारांच्या वर सवलत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. आणि न्यू जर्सीच्या मावसभावाने पैसे पाठवतो म्हटलं की त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय असेल तर तो त्याच्या बँकेतून रीतसर देऊ शकतो. अमेरिकन झाला असेल तर ती परदेशी देणगी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. राग आला तरी चालेल.

त्या दिवशी

आधी काम, मग गड. किंवा पहिल्या दिवशी गड आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम. गड उतरून दमलेली, उशीर झालेली, बसची घाई असलेली चाळीस माणसं वाडीत शिरली की जे होतं त्याला मी धाड म्हणते. वाडीत एका वेळी दहा-बारा जणच जावेत.

वस्तू आपल्या हाताने वाटू नका. घरांच्या यादीप्रमाणे मोजून बचत गटाच्या बायांकडे द्या, त्या संध्याकाळी आपापसात देतील. यादीत बेचाळीस घरं असतील तर पंचेचाळीस नग न्या; पाहणीनंतर कोणीतरी वेगळी चूल मांडलेली असतेच. सगळ्यांना पुरत नसेल तर कोणालाच देऊ नका, शाळेला उपयोगी पडेल असं काही घ्या. रांग लावायची नाही, हात पुढे केलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. देणगीदाराला फोटो हवाच असतो, तर बिलाचा पाठवा, टाकीचा पाठवा. मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकणाऱ्याला आम्ही पुढच्या ट्रेकला घेत नाही. ‘मोहाची मिळेल का हो?’ असं हळूच विचारणाऱ्यालाही नाही.

दरडीबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात, बचावाची माणसं चिखलाच्या पायवाटेने चालत वर गेली. आपल्या वाडीची वाट, घरं आणि चार फोन नंबर क्लबाकडे लिहिलेले असावेत ते अशा रात्रीसाठी. पण प्रशासनाने बोलावल्याशिवाय निघायचं नाही, आणि प्रशिक्षण नसलेल्याने तर मुळीच नाही. वर नेलेल्या प्रत्येक माणसाला पाणी, जेवण आणि झोपायला जागा लागते. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी ट्रेकही रद्द आणि कामही.

वाडी एकच धरा, निदान तीन वर्षं. दरवेळी नवी वाडी म्हणजे दरवेळी नवी पाहणी, आणि ती कोणी करत नाही. वर्षाच्या शेवटी हिशेब सर्वसाधारण सभेत वाचता तसा वाडीतही वाचून दाखवा. आमच्या एका बैठकीत टाकीच्या नळाची किंमत ऐकून एक दादा म्हणाला, ‘ताई, मुरबाडला याच्या निम्म्यात भेटतो.’ तेव्हापासून नळ, कोपर, पाइप तोच आणतो.

आणि वाडीने नको म्हटलं तर? तेही होतं. शहापूरकडच्या एका वाडीत म्हाताऱ्या कारभाऱ्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वस्तू नकोत, तुमची माणसं येतात तेव्हा जेवण आमच्याकडे घ्या. मग तिथे तेवढंच करतो. माणशी दर वाडी ठरवते, आम्ही घासाघीस करत नाही. आकडा दोन दिवस आधी कळवायचा, ट्रेक रद्द झाला तर निम्मे पैसे तरी पोचते करायचे, आणि भाकरी तांदळाची की नाचणीची, ते फोनवरच सांगून ठेवायचं.